एकच बेस, सहा तऱ्हेची गाणी: एका हौशी वाद्यवृंदातलं टोनचं प्रकरण

कार्यक्रम संपल्यावर दोन तक्रारी आल्या. मधल्या रांगांतले लोक म्हणाले, बेस इतका घुमत होता की गाण्याचे शब्द कळेनात. कडेच्या खुर्च्यांवरचे म्हणाले, तो बेस गिटारवाला मुलगा नुसता उभा होता का? हात हलताना दिसत होते, ऐकू काहीच आलं नाही. एकच नाट्यगृह, एकच रात्र, आणि दोन्ही तक्रारी खऱ्या.

वाद्यवृंद हौशी आहे. एका बँकेतले आजी-माजी कर्मचारी, वर्षाकाठी तीन-चार कार्यक्रम करतात. पुण्यातलं साधारण आठशे खुर्च्यांचं नाट्यगृह. मंचावर चार गाणारे, कीबोर्डवर एक ताई, एक लीड गिटार, एक ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रमवर), ढोलकी आणि तबला दोन्ही सांभाळणारे एक काका, आणि बेस. यादीत भावगीतं, दोन लावण्या, एक कोळीगीत, सत्तरच्या दशकातली हिंदी चित्रपटगीतं, डिस्को आणि शेवटी नातवंडांसाठी एक रॉक. मध्येच एका जुन्या मराठी गाण्याला रेगेचा ठेका दिलेला, ही ऑक्टोपॅडवाल्याची हौस.

बेस वाजवणारा मुलगा पूर्वी दोन वर्षं माझ्याकडे शिकायला यायचा. त्याचा फोन आला तो असा: "सर, ॲक्टिव्ह बेस घेऊन टाकू का? या बेसला टोनच नाहीये." मी म्हटलं, पैसे खिशात ठेव, मी तालमीला येतो. ऑर्केस्ट्रात तीसेक वर्षं बेस वाजवल्यावर एवढं कळलेलं आहे, की टोन गेला अशी तक्रार आली की वाद्याकडे सर्वांत शेवटी बघायचं.

घरी छान वाजणारा बेस

वाद्यात काहीच खोट नव्हती. चार तारांचा, जॅझ प्रकारचा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायचा बेस: तारेचं कंपन पकडणारे दोन सिंगल कॉइल पिकअप, दोन आवाजाची बटणं, एक टोनचं. फेंडरने हा नमुना १९६० साली काढला आणि अजून जग त्याच्यावर वाजवतंय. तारा निकेलच्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्यांच्या), ४५ ते १०५ जाडीच्या, आठ महिने जुन्या. पायाशी एक मल्टिइफेक्ट पेडल आणि त्यात प्रत्येक गाण्यासाठी वेगळा पॅच, म्हणजे आवाजाची साठवून ठेवलेली मांडणी. नावं वाचून हसू आलं: 'लावणी', 'लावणी नवीन', 'रॉक फायनल', 'रॉक फायनल २'. एकूण चौदा.

हे सगळे पॅच रात्री, घरचे झोपल्यावर, हेडफोन लावून केलेले. एकेक उघडून बघितला तर चौदाही पॅच आतून एकच निघाले. खालचा बेस वर, वरचा ट्रेबल वर, आणि मधला मिड खाली. इक्वलायझरचा आकार हसऱ्या तोंडासारखा. एकट्याने ऐकलं की हा आवाज फार सुंदर वाटतो. बेसचा मिड एकट्याने ऐकायला गोड नसतोच. तो नाकात बोलल्यासारखा, जरा हट्टी असतो. म्हणून प्रत्येक नवशिका आधी तोच कापतो. आणि नऊ माणसांच्या वाद्यवृंदात बेसचा जो भाग शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, तो नेमका तोच.

बेसची सर्वांत जाड तार, मोकळी ई, ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांवर वाजते. पुढची ए ५५ वर, डी ७३ वर, जी ९८ वर. आता ४१ हर्ट्झ नीट ऐकवायला स्पीकर तसा लागतो, आणि भाड्याने येणारे बहुतेक स्पीकर तिथे हात टेकतात. तरीही स्वर ओळखू येतो, कारण त्याच तारेतून ८२, १२३, १६५ असे वरचे अंशस्वर निघत असतात आणि कान त्यांच्यावरून खालचा मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर बेसची चाल कळते ती याच युक्तीने. हेडफोन मात्र सगळा तळ थेट कानात ओततात, त्यामुळे तिथे वरच्या अंशस्वरांची गरजच भासत नाही. पोराने ते कापले आणि नाट्यगृहात त्याच्याकडे उरली नुसती घरघर.

चौदापैकी अकरा पॅच पुसायला लावले. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तालमीत सापडलेला दुसरा बेस

टोनचा खरा चोर तालमीच्या दुसऱ्या तासाला सापडला, आणि तो बेसच्या आसपासही नव्हता.

डिस्कोचं गाणं चालू होतं. मी पोराला खूण केली, थांब. त्याने हात उचलले. बेस चालूच! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कीबोर्डमध्ये ताईंनी जी 'स्टाइल' लावली होती, तिच्यात ड्रम, स्ट्रिंग्ज आणि बेस हे तिन्ही आपोआप वाजत होते. म्हणजे पहिल्या कार्यक्रमात दोन बेस होते. एक माणसाचा, एक यंत्राचा, दोघांची चाल वेगळी, आणि दोघांच्या मध्ये ऑक्टोपॅडचा लांब शेपटीचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका. त्या चिखलात कुठला टोन उमटणार?

अशा कीबोर्डवर स्टाइलमधला फक्त बेसचा भाग बंद करता येतो, एका बटणाचं काम. ते केलं. पण दुसरी गोष्ट बटणाची नव्हती. ताई गेली वीस वर्षं मंगळागौरी, डोहाळजेवणं, सोसायटीचे कार्यक्रम एकट्या कीबोर्डवर निभावत आल्या आहेत. एकट्याने साथ करायची तर डाव्या हातानेच बेस भरावा लागतो. हाताला ती सवय इतकी मुरलेली, की भावगीतातही त्यांचा डावा हात खाली सा-प धरून बसलेला.

मी जरा चाचरतच म्हटलं, "ताई, डावा हात दीड-दोन सप्तक वर घेता येईल का?"

"मग खाली कोण बघणार?"

"हा बघेल ना."

ताईंनी पोराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बघ हं बाबा," म्हणाल्या, आणि हात वर घेतला. पुढच्या दोन गाण्यांत तो चार वेळा खाली आला, मग स्थिरावला. ऑक्टोपॅडवाल्याने किकचा आवाज बदलून आखूड घेतला. बेसच्या एकाही बटणाला हात न लावता तालमीच्या खोलीत बेस ऐकू यायला लागला. माझ्या अंदाजाने या प्रकरणातला निम्म्याहून जास्त फरक या दहा मिनिटांत पडला. पेडलांच्या जाहिरातींत ही गोष्ट सापडत नाही, कारण ताईंशी बोलण्याचं पेडल अजून कोणी काढलेलं नाही.

एक स्वर, तीन जागा

मग हातांकडे वळलो. मुलगा सगळं काही एकाच जागी, दोन पिकअपच्या मधोमध छेडत होता. तार घोडीजवळ, म्हणजे बुडाशी, छेडली की वरचे अंशस्वर जास्त निघतात, आवाज करकरीत आणि नेमका होतो. मानेकडे सरकलं की तोच आवाज गोल, जाड, थोडा धूसर. जॅझ बेसची दोन्ही आवाजाची बटणं पूर्ण उघडी ठेवली की गुणगुण मरते, पण मधला पट्टाही थोडा पोकळ होतो. एक बटण किंचित मागे घेतलं की मिड परत येतो. त्याबरोबर थोडी गुणगुणही परत येते, आणि नाट्यगृहातल्या दिव्यांचे डिमर ती वाढवतात. तेवढी सोसावी.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पडद्यांवरचं स्थान. गायकाची पट्टी पांढरी दोन असेल तर त्याचा सा बेसवर ७३ हर्ट्झचा. तो मोकळ्या डी तारेवर मिळतो, ए तारेच्या पाचव्या पडद्यावर मिळतो आणि ई तारेच्या दहाव्यावरही मिळतो. स्वर तोच, पण मोकळी डी टणक आणि लांब, ए वरचा भरदार, आणि ई वरचा असा दबलेला की जणू भिंतीपलीकडून येतोय. तीन टोन, बटण न फिरवता. गिटार शिकवताना आम्ही हे बोटांच्या सोयीचं म्हणून शिकवतो. ही टोनची निवड आहे हे मी स्वतः गोव्याच्या एका म्हाताऱ्या कॉन्ट्राबासवाल्याकडून (उभा मोठा बेस वाजवणाऱ्याकडून) शिकलो, तेही त्यांनी माझ्या बोटांवर टिचकी मारल्यावर.

मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंमध्ये पाश्चात्त्य वाद्यं वाजवणाऱ्यांत गोव्याच्या माणसांचा मोठा भरणा होता. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यमेळात बेस वाजवणारे टोनी वाझ त्यांतलेच. त्या काळातली गाणी ऐकताना बेस मागे राहून आधार देत नाही, तो पुढे येतो, सरकतो, गाण्याला उत्तरं देतो. आमच्या पोराला ती गाणी 'जुनी' म्हणून मऊ टोनमध्ये वाजवायची होती. उलट करायला लावलं: घोडीजवळचा पिकअप पूर्ण, मानेजवळचा थोडा मागे, टोनचं बटण तीन चतुर्थांश, आणि सरकणाऱ्या जागा एकाच तारेवर, तार न बदलता. तार बदलली की सरकण्याचा जीव जातो.

भांडी घासायचा स्पंज

भावगीतांनी सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. तिथे तबला आहे, आणि डग्ग्याचा घुमणारा, मनगटाने दाबून वर जाणारा आवाज बेसच्याच पट्ट्यात फिरतो. लांब ताणलेला बेसचा स्वर त्याच्यावर पसरला की डग्गा मरतो. बेस हळू केला की गाण्याखालची जमीन जाते. काकांनी एकदा वैतागून तबल्यावर हातोडी आपटली होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

उपाय डेट्रॉइटहून आला. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या तिथल्या स्टुडिओत साठच्या दशकात जेम्स जेमरसन बेस वाजवत. त्यांचा फेंडर प्रिसिजन १९६२ चा. त्याच्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्यांच्या) तारा, आणि त्या तुटल्याशिवाय ते बदलत नसत. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, आणि घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. फोममुळे स्वर सुरू होताना भरदार असतो आणि लगेच आखडतो. त्या गाण्यांत बेस सतत हलत असतो, तरी कुणाच्या अंगावर येत नाही, याचं बरंचसं श्रेय त्या फोमच्या तुकड्याला आहे. जेमरसन मुळात कॉन्ट्राबास वाजवणारे, त्यामुळे आखूड, लाकडी स्वर त्यांच्या कानात आधीपासून असणारच.

आमच्याकडे फ्लॅटवाउंड तारा नव्हत्या, आणि त्या लावल्या असत्या तर डिस्को मेला असता. स्पंज मात्र घरोघरी असतो. पहिल्या दिवशी पोराने नवा कोरा, हिरव्या घासणीसकट स्पंज घोडीशेजारी तारांखाली कोंबला. आवाज पोतं बडवल्यासारखा. हिरवा थर काढला, पिवळा अर्धा कापला, तारांना जेमतेम टेकेल इतकाच ठेवला. मग मानेजवळचा पिकअप, टोनचं बटण जवळजवळ बंद, आणि बोटांऐवजी अंगठ्याचा मऊ भाग. स्वर उमटला, टेकला आणि डग्ग्यासाठी जागा सोडून गेला. काका न बघताच म्हणाले, "हां, आता वाजव."

तोच स्पंज रेगेला चालला. जमैकातले ॲस्टन बॅरेट, बॉब मार्लींच्या बँडचे बेसवाले, जॅझ बेसच वाजवत, आणि त्यांचा आवाज खोल, गोल, वरची धार काढून टाकलेला. रेगेत बेस हाच गाण्याचा नायक असतो आणि त्याच्या गप्प बसण्याच्या जागा तितक्याच महत्त्वाच्या. पोराला टोन लगेच मिळाला, गप्प बसणं मिळायला दोन तालमी गेल्या.

लावणीत बेसने किती असावं

इथे माझं मत थोडं कडू आहे. ढोलकी, हलगी, तुणतुणं, पेटी यांच्या मूळ मेळात बेस गिटार नाही. चित्रपटांतून आणि ऑर्केस्ट्रातून तो लावणीत आला. येऊ दे, पण पाहुण्यासारखा. ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमार हाच लावणीचा तळ आहे, आणि आपल्या पोराचा 'लावणी नवीन' पॅच नेमका त्या घुमाऱ्यावर मांडी घालून बसत होता.

गायिकेची पट्टी काळी चार. म्हणजे सा ई तारेच्या चौथ्या पडद्यावर, ५२ हर्ट्झला. तिथे वाजवलं की ढोलकी आणि बेस दोघेही जात. तोच सा एक सप्तक वर, डी तारेच्या सहाव्या पडद्यावर १०४ हर्ट्झला घेतला. घोडीजवळचा पिकअप, तळहाताची कड तारांवर ठेवून आखूड स्वर, स्पंज काढलेला. आणि एक नियम: ढोलकीचा तुकडा सुरू झाला की बेसने हात तारांवर सपाट ठेवायचे आणि समेवर परत यायचं. समेवरचा तो एक स्वर इतका ठसठशीत लागायला लागला, की काकांनी तुकडे लांबवायला सुरुवात केली. निवेदिकेला घड्याळ दाखवावं लागलं.

कोळीगीताचं फार सांगण्यासारखं नाही. हिंदोळा आहे, सा आणि प पुरतो, स्वर आखूड ठेवले की होडी हलते.

डिस्कोत मात्र पोराला अंगठ्याने तारा आपटून स्लॅप करायचा होता. या तंत्राचा उगम अमेरिकी बेसवादक लॅरी ग्रॅहम यांच्याकडे जातो. आईबरोबर वाजवताना ड्रमवाला नसायचा, म्हणून ते अंगठ्याने किक आणि बोटाने तार ओढून स्नेअरची जागा भरू लागले. म्हणजे स्लॅप जन्मला ताल नव्हता म्हणून. आपल्याकडे ऑक्टोपॅड, ढोलकी, कीबोर्डची स्टाइल, सगळे तालच ताल. त्यावर आठ महिने जुन्या तारांचा स्लॅप म्हणजे स्टीलच्या ताटावर चमचा. मी नको म्हटलं. तडजोड अशी झाली: बोटांनी सप्तकाच्या उड्या, दोन्ही पिकअप पूर्ण, पेडलमधला कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा) हलका, आणि स्लॅप फक्त गाण्याच्या शेवटच्या आठ मात्रांत. तारा नव्या लावल्या, पण कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी, म्हणजे भावगीतात त्या झणझणणार नाहीत.

साउंडचेक

पुढच्या कार्यक्रमाला नाट्यगृह तेच, साउंडवाले दादाही तेच. मी मिक्सरशेजारी उभा राहिलो आणि बेसचा चॅनल बघितला. वरच लो-कटचं बटण दाबलेलं होतं. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं ते बटण गायकांच्या माइकसाठी फार उपयोगी असतं. त्या चॅनलवर एरवी निवेदकाचा माइक असतो. म्हणजे पहिल्या कार्यक्रमात मोकळ्या ई, ए आणि डी, तिन्हींचे मूळ स्वर मिक्सरमध्ये शिरतानाच छाटले जात होते, आणि दादा ते भरून काढायला शेजारचं बेसचं बटण उजवीकडे फिरवत होते. त्यातून वाढत होतं ते शंभराच्या आसपासचं, जिथे डग्गा, ढोलकी आणि किक आधीच गर्दी करून होते.

दादांनी बटण सोडलं. मला वाटलं, झालं. आणि आवाज आणखी बिघडला! ए तारेचा दुसरा पडदा, ६२ हर्ट्झचा स्वर, वाजला की पाचव्या-सहाव्या रांगेत पोटात गोळा येत होता. शेजारचे स्वर साधे. हा त्या दालनाचा स्वभाव. ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर ६३ ची पट्टी ४ डेसिबल खाली घेतली आणि तो स्वर बाकीच्यांच्या रांगेत आला. पोराचा छोटा ॲम्प पोकळ लाकडी मंचावर थेट ठेवलेला होता आणि मंचच ढोल बनला होता. तो प्लॅस्टिकच्या क्रेटवर, मागे जरा तिरका, कानाकडे तोंड करून ठेवला.

कडेच्या खुर्च्यांचं कोडं उरलं होतं. दोन सबवूफर (खालच्या स्वरांचे स्पीकर) मंचाच्या दोन टोकांना. ६२ हर्ट्झची लाट साधारण साडेपाच मीटर लांब. ज्या खुर्चीपासून एक सब दुसऱ्यापेक्षा पावणेतीन मीटर जवळ आहे, तिथे एकाची लाट चढते तेव्हा दुसऱ्याची उतरते आणि दोघी एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. मधोमध बसलेल्याला दोन्ही एकदम पोचतात, म्हणून तिथे दुप्पट. हीच ती दोन टोकांची तक्रार. दोन्ही सब एकत्र, मंचाच्या मध्यभागी पायथ्याशी ठेवले तर भांडण मिटतं. पण तिथे रांगोळी होती, समई होती आणि संस्थापकांची हार घातलेली तसबीर होती.

पाऊण तास वाटाघाटी झाल्या. रांगोळी काढणाऱ्या बाईंनी अखेर जिन्याकडची जागा पसंत केली, तिथे म्हणे प्रकाश चांगला पडतो. तसबीर समईसह उजव्या बाजूला गेली. दादा सब ओढताना पुटपुटत होते, "बेससाठी रांगोळी हलवलेली पहिल्यांदाच बघतोय."

कार्यक्रमाची रात्र आणि जे राहिलं

यादीचा क्रम आम्ही बदलून घेतला होता. स्पंजवाली गाणी सलग, मग निवेदन, त्या वेळात स्पंज बाहेर, मग लावण्या आणि चित्रपटगीतं. पेडलमध्ये तीनच पॅच, आणि तिन्हींची पातळी मिक्सरच्या मीटरवर बघून सारखी केलेली. बाकी सगळं बोटांवर आणि टोनच्या एका बटणावर.

तीन ठिकाणी तीन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करवलं: पाचव्या रांगेत मध्ये, पंधराव्या रांगेत डाव्या कडेला, आणि बाल्कनीत. मोबाइलचा माइक आणि स्पीकर खोल तळ दाखवत नाहीत, पण मला तेच हवं होतं. तिन्हींत नुसत्या मधल्या पट्ट्यावरून बेसची चाल लिहून काढता येईल इतकी स्पष्ट ऐकू आली. पाचवी आणि पंधरावी रांग यांच्यात फरक होता, पण एकच वाद्यवृंद ऐकतोय इतपत. बाल्कनीत अजूनही घुमतं. तिथल्या छताखाली आवाज साठतो आणि त्यावर आमच्याकडे इलाज नव्हता.

रॉकचं गाणं फसलं. पिकने वाजवायचं होतं, आवाजाला थोडी खरखर होती. खरखरीच्या इफेक्टमध्ये तळ पातळ होतो, म्हणून साफ आवाज त्यात मिसळून ठेवायचा हे पोराने केलं होतं. पण पिक लावली की तो जोरात मारतो. पहिल्याच कडव्यात मीटर लाल झालं, दादांनी सवयीने फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली ओढला, आणि नातवंडांच्या गाण्यात बेस परत गायब. तालमीत पिकची मात्रा बसवायला आम्ही वेळच दिला नव्हता. चूक माझी. मला ते गाणं आवडत नाही.

त्यानंतरचा कार्यक्रम एका सोसायटीच्या गणपतीत, मोकळ्या मैदानावर झाला. मी नव्हतो. तिथे भिंती नाहीत, छत नाही, ६२ चा गोळा नाही, आणि नाट्यगृहात भरदार वाटणारा स्पंजवाला स्वर दहा पावलांवर विरून जात होता, असं पोराने रात्री फोनवर सांगितलं. दुसऱ्याच गाण्यानंतर त्याने स्पंज काढला, टोनचं बटण अर्धं उघडलं, अंगठ्याऐवजी बोटांनी वाजवलं. आणि ताईंना विचारून एका भावगीतात त्यांचा डावा हात परत खाली घेतला.

"का रे?" मी विचारलं.

"तिथे जागा होती, सर."